मम्मी उचलते

पिंगळीच्या परमेश्वररावाचा पोरगा कॅम्पात रडला, ही बातमी शिवकन्येला वावरात कळली. आणि तीही नवऱ्याकडून नाही, शेजारच्या सुलाबाईकडून. कापूस वेचता वेचता सुलाबाई धुऱ्याच्या बांधावरून ओरडली, "अगं, तुझ्या रुद्रला त्या मिलिट्रीवाल्यानं उष्टी घासाया लावली म्हनं! तुझा मालक चावडीम्होरं लय तापलाय."

शिवकन्येनं ओटीतला कापूस गाठोड्यात ओतला, गाठोडं तिथंच ठेवलं आणि ती घराकडं निघाली. महारुद्र, घरात सगळ्यांचा रुद्र, तिचा एकुलता एक. नववीत शिकणारा, यंदाच शाळेच्या एनसीसीत घेतलेला. परभणीच्या पलीकडं एका कॉलेजात त्यांचा कॅम्प लागला होता. पोरगं पहिल्यांदाच घराबाहेर एकटं झोपत होतं. निघायच्या दिवशी त्याच्या बुटाच्या नाड्यासुद्धा तिनंच बांधल्या होत्या. ती नाडी सुटली तर तिकडं कोण बांधणार, याचीच तिला त्या रात्री काळजी लागून राहिली होती.

घरी परमेश्वर धुतलेला शर्ट घालून, गाडीची चावी बोटात फिरवत उभा होता.

"चल, साडी बदल. पोराला आणायचंय."

"झालंय काय पण?"

"काय झालंय! साऱ्या फौजेची भांडी घासाया लावली माझ्या पोराला. कुणाचा तरी फोन मागून चोरून लावला बिचाऱ्यानं. हुंदके देत होता, हुंदके!"

ओट्यावर वाती वळत बसलेल्या सासूनं, सरजाबाईनं, वात तशीच खाली टाकली. "माझ्या नातवानं लोकाची उष्टी काढावी? आपल्या घरात आजवर एका गडीमाणसानं खरकट्याला बोट लावलं न्हाई. घासाया लावणाऱ्या मेल्याचे हात झडतील."

साडी बदलायला आत निघालेली शिवकन्या दारातच थबकली.

आजवर एका गडीमाणसानं बोट लावलं नाही, हे खरंच होतं. मग इतकी वर्षं ते खरकटं काय आपल्या पायानं मोरीत जात होतं?

राणीसावरगावच्या माहेरात ती भावांची ताटं उचलत मोठी झाली. दहावीला चांगले मार्क पडले, तेव्हा बापानं पेढे वाटले आणि पेढ्याचा पुडा संपायच्या आत स्थळ आणलं. पिंगळीत आली तर इथं रीत आणखी पक्की. पुरुषांनी जेवायचं, तांब्यातलं पाणी घेऊन ताटातच हात धुवायचा, खांद्यावरच्या टॉवेलला पुसायचा आणि उठायचं. हात धुतलेलं ताट उचलणं किती अवघड असतं, हे ज्यांनी उचललं नाही त्यांना सांगून कळत नाही. काठोकाठ पाणी, वर तरंगणारी भाताची शितं, मिरचीची देठं, चोखून टाकलेलं लिंबू. दोन्ही हातांनी, श्वास धरून, मोरीपर्यंत न्यायचं. वाटेत सांडलं की सरजाबाई म्हणायची, "आईनं ताट धराया शिकवलं न्हाई वाटतं." शिवकन्येनं तापात ताटं नेली, दिवस भरत आलेले असताना नेली. बाप गेल्याचा फोन आला त्या दुपारीसुद्धा सासऱ्याचं ताट आधी मोरीत ठेवून, मग ती रडायला बसली होती. त्या दिवशी चावडीम्होरं कुणी तापलं नव्हतं.

रुद्र लहान असताना एकदा आपलं ताट उचलून तिच्या मागं तुरूतुरू मोरीकडं आला होता. सरजाबाईनं ते हिसकावून घेतलं. "ठीव खाली, बायल्या होशील." पोरगं खाली ठेवायला शिकलं. चांगलंच शिकलं.

गाडीवर परमेश्वर वाऱ्याला ओरडून सांगत होता, तो मास्तराला काय काय सुनावणार ते. मागं बसलेल्या शिवकन्येला पोराचा चेहरा आठवत होता, आणि नवऱ्याच्या पाठीत बुक्की घालावीशी वाटत होती.

कॉलेजच्या मैदानावर तंबू ठोकले होते. शाळेतले गिरी सर, एनसीसी बघणारे, खाकी वर्दीत समोर आले आणि त्यांना कडुलिंबाखाली खुर्च्या टाकून दिल्या. परमेश्वर बसलाच नाही.

"सर, आमी पोरगं देशसेवा शिकाया धाडलं. धुणीभांडी करायला न्हाई."

"दादा, त्याच्या एकट्याचं नाही ते," गिरी सर शांतपणे म्हणाले. "आपलं ताट आपण धुवायचं आणि पाळी आली की मोठी भांडी घासायची. सगळ्यांची पाळी येते. मुलीसुद्धा करतात."

"पोरींचं ठीक हाय हो!" परमेश्वर म्हणाला.

शिवकन्येनं मान वळवून नवऱ्याकडं बघितलं. त्याला आपण काही बोललो याचा पत्ताही नव्हता.

रुद्रला बोलावलं. बारीक केस कापलेला, उन्हानं रापलेला, दोन अंगुळं उंच झाल्यासारखा दिसत होता.

"सांग रे, घाबरू नको," परमेश्वर म्हणाला. "कोण काय म्हणलं तुला?"

रुद्रनं बुटाच्या टोकानं माती उकरत सांगितलं. पहिल्या रात्री मांडवात जेवण झाल्यावर त्यानं नेहमीसारखा ताटात हात धुतला आणि उठून चालायला लागला. एक हरियाणाचे हवालदार साहेब होते. त्यांनी मागून हाक मारली, "ओ भाई, ये थाली कौन उठाएगा?"

"मग?"

"मी म्हणलं, मम्मी."

गिरी सरांनी तोंडावर रुमाल धरला.

"सगळा मांडव हसला. तवापासून सगळे मला मम्मीच म्हणतेत. परेडमधी बी. काल तर एकजण म्हणला, ए मम्मी, माझं ताट उचल." त्यानं बाहीला नाक पुसलं. "मला घरी यायचंय."

"बघा सर!" परमेश्वर उसळला. "वयात आलेल्या पोराला बाईच्या नावानं हाका मारतेत. काय इज्जत ऱ्हायली त्याची? आत्ताच्या आत्ता घेऊन चाललो मी."

शिवकन्या उठली. "रुद्र, भांडी घासून हात दुखतेत का रं?"

"न्हाई. भांड्याचं काई न्हाई मम्मी, ते सगळेच घासतेत. पण ते मला…" तो अडखळला.

"काय म्हणतेत? म्हण की."

तो पुन्हा बुटानं माती उकरायला लागला.

"मम्मी म्हणतेत. म्हंजी मी. माझ्या नावाची शिवी झाली व्हय, आं? आन् तू ती ऐकून रडायलास?"

पोरानं बापाकडं बघितलं. गिरी सर मधे पडले. म्हणाले, न्यायचं असेल तर न्या, अडवणार नाही. पण अर्धा कॅम्प सोडला तर त्याला एनसीसीच्या परीक्षेला बसता येणार नाही, तिथलं वर्ष वाया जाईल. "आईचं काय म्हणणं आहे?"

"तिला काय इचारता सर."

"इचारा की!" शिवकन्या म्हणाली. पलीकडं नळावर ताटं धुणारी पोरं वळून बघायला लागली. परमेश्वर दबक्या आवाजात "अगं, हळू" म्हणाला, पण ती आता हळू होणारी नव्हती. "लगीन होऊन आल्यापासून घरातल्या समद्यांची उष्टी मीच काढायलेय. माझ्यासाठी तुमी एक दिवस गाडीला किक मारली न्हाई. ह्यानं चार पातेली घासली तर तुमची इज्जत गेली? मग माझी कुठं हाय? तुमच्या घरात आल्यापासून हुडकायलेय मी."

"ते येगळं. ते बायांचं कामच हाय."

"बरं." ती पोराकडं वळली. "तुला यायचं तर ये, माझी ना न्हाई. पण एक ध्यानात ठीव. घरी बी तुझं ताट मी उचलायची न्हाई. आजी आडवी आली तरी न्हाई. हात धुतलेलं ताट तिथंच ऱ्हाईल, मुंग्या लागूस्तोर."

"घरी बी?" रुद्रनं विचारलं.

"घरी बी."

"चल रे तू," परमेश्वर म्हणाला. "मी सांगतो तिला."

पोरगं हिशेबी होतं. बापाचं सांगणं त्यानं जन्मभर ऐकलं होतं आणि आईचा असा आवाज आजच पहिल्यांदा. दोन्हीकडं ताट धुवायचंच असेल, तर इथं निदान रायफल तरी हातात मिळणार होती. तेवढ्यात परेडला रांगेत यायची शिट्टी वाजली. तंबूकडून कुणीतरी बोंबललं, "ए मम्मी, फॉलिन!"

रुद्रनं आईकडं बघितलं. ती त्याच्या नजरेला नजर देऊन उभी होती.

"आलो!" तो तिकडं ओरडला, आणि बापाला म्हणाला, "पप्पा, मी थांबतो."

परमेश्वरनं हात झटकले. "मायलेकांनी मिळून येडं केलं मला," असं काहीबाही पुटपुटत तो गाडीकडं गेला. शिवकन्येचा जीव जरा खाली पडला. आपल्या बोलण्यानं पोरात काहीतरी हललं, असं तिला गाडीपाशी पोहोचेपर्यंत तरी वाटत होतं.

तर मागून बुटांचा धाडधाड आवाज. रुद्र पळत येत होता, हातात कापडाची फुगलेली पिशवी.

"मम्मी, एवढं घेऊन जा. मळके कपडे हायेत. धुऊन, इस्तरी करून ठीव, शाळेला लागंल."

ती बघतच राहिली. भांडी घासायला शिकवणाऱ्यांनी याला कपडे धुवायला कसं काय शिकवलं नाही? की शिकवलं, आणि आई दिसली म्हणून हा विसरला? तिनं हात पुढं केला नाही. पदर आवळून दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"आण इकडं," परमेश्वर घुश्शात म्हणाला आणि त्यानं पिशवी ओढून हँडलला अडकवली. "तुझी आई धुईल."

"तुमी घेतली, तुमीच धुवा," शिवकन्या म्हणाली आणि मागं बसली.

पिंगळीपर्यंत दर वळणावर पिशवी परमेश्वरच्या गुडघ्याला आपटत होती. दारात गाडी थांबली, तरी त्यानं इंजिन बंद केलं नाही. ती पिशवी उचलेल म्हणून तो वाट बघत राहिला. शिवकन्या उतरली, चपला काढल्या आणि ओट्यावर चढली.

"पोरगं कुठाय?" सरजाबाई उठून बसली. "आन् ती पिशवी कशाची गं? आण आत."

"तुमच्या लेकाला इचारा," शिवकन्या म्हणाली आणि वावरात ठेवलेलं गाठोडं आणायला मागच्या दारानं निघून गेली.