बस कंपनीच्या इतिहासातलं एक वाक्य

बस कंपनीच्या पन्नाशीच्या पुस्तकात फुसाए कुदो पूर्वी काम करायची त्या खात्याबद्दल एकच वाक्य होतं. संगणक आला त्या हिवाळ्यात संगणकाची कार्डं तपासणाऱ्या मुलीच्या चुकीने एका गावाची गाडी सुटली नाही, आणि माणसं बर्फात ताटकळली. नाव छापलं नव्हतं, पण हिरोसाकी शहरात कुणाला ठाऊक नव्हतं? मियो नारिता. बिचारीने नोकरी सोडली, गावही सोडलं. ते वाक्य पुसलं जावं, एवढंच अठ्ठ्याहत्तरीतली फुसाए रोज सकाळी उदबत्ती लावताना मागायची.

म्हणून कचेऱ्यांत संगणक कसा आला याचा इतिहास लिहिणाऱ्या विद्यापीठातल्या सावामुराबाई, फुसाएच्या तोंडी ‘सेन्सेई’ म्हणजे गुरुजन, दारात आल्या, तेव्हा तिने आधी सफरचंदं चिरून पुढे ठेवली.

“चूक साहेबांनी लिहून दिलेल्या वेळापत्रकाच्या कागदातच होती, सेन्सेई. मी त्यावरून मशीनने कार्डावर आकड्यांची भोकं पाडली, मियोने तेच आकडे पुन्हा मारून ताडून पाहिले. लिहा.”

“लिहिते. पण हे तुमचं म्हणणं झालं, कुदोसान, आणि पुस्तक हे कंपनीचं. मला तिसरा साक्षीदार हवा.”

“म्हणजे मी खोटारडी?”

“तसं नाही हो. आठवणही कागदासारखीच. कुणी, कधी, कशासाठी जपली ते बघावं लागतं. नारितासानना विचारू का?”

“नको. तिची जखम उकरायची नाही.”

तीन आठवड्यांनी डेपोच्या माळ्यावर चौकशीची फाइल सापडली. आत साहेबांचा कागद, आणि त्याला टाचलेलं तेच कार्ड. सावामुराबाईंनी फुसाएला बोलावून घेतलं. कागद बरोबर होता. गाडीचा आकडा कार्डावर चुकला होता.

फुसाएने कार्डाच्या उजव्या कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

“काय झालं?”

“ताडून झालेल्या कार्डाला मशीन इथे खाच पाडायचं. याला नाही.” तिने कार्ड खाली ठेवलं. “हे मियोकडे गेलंच नाही. घाईत मीच परस्पर पुढे सारलं असणार.”

“आठवतंय?”

“आठवत नाही. पण खाच नाही ना.”

“तुमचं नाव न घालताही लिहिता येईल,” बाई म्हणाल्या.

“का म्हणून? ‘फुसाए कुदो, तेव्हा वय एकवीस.’ असंच घाला.”

घरी येऊन तिने कोटही न काढता मियोला सप्पोरोला फोन लावला. वर्षाकाठी नववर्षाचं एक पत्र, एवढाच दोघींचा संबंध उरला होता. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

“मला तेव्हाच माहीत होतं गं,” मियो म्हणाली. “साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, मैत्रिणीवर ढकलतेस. तू तिथेच, मान खाली घालून उभी होतीस.”

हेही फुसाएला आठवत नव्हतं. तिने भिंतीला टेकून डोळे मिटले.

“मियो, माझं चुकलं गं.”

“हं. उशिरा का होईना.” पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. “त्या तुझ्या सेन्सेईंना म्हणावं, माझ्याकडेही या. तुझं एकटीचं ऐकून कसं भागेल?”

“मीच घेऊन येते,” फुसाए म्हणाली.

“ये. पण जेवायला थांबायचं.”