कौल उजवा पडला होता

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायको गेली, तिच्यापाशीही नाही. आज या कागदावर लिहितो, कारण शनिवारनंतर सांगण्यात काही उरणार नाही.

शनिवारी रत्नागिरीच्या क्रीडासंकुलात माझ्या नातीचा, मुक्ताचा, कार्यक्रम आहे. हेवी मेटल. चौघांचा बँड, त्यात ड्रम वाजवणारी आमची मुक्ता. नाक्यावर तिचं पोस्टर लागलंय, म्हणून मी हल्ली केळी आणायला दिवसातून दोनदा जातो. हे गाणं की भांडण, असं एकदा मी म्हटलं, तर म्हणाली, "आजोबा, शिमग्यात तुम्ही काय अंगाई वाजवायचात?" मग तालीम बघायला गेलो. दोन हातांचं एक, दोन पायांचं दुसरंच—छातीत धडधडलं. पण लय? ती केसभर हलली नाही. अशी नात किती जणांना असते?

ती सगळ्यांना सांगते, हा हात आजोबांचा. शनिवारी पहिली थाप मीच मारायची, असंही तिने ठरवून टाकलंय.

हात माझा नाही.

गुहागरकडच्या आमच्या गावात शिमग्याला पालखीपुढचा ढोल वीस वर्षं माझ्याकडे होता. मुक्ताची आई, माझी मुलगी सुषमा, बघून बघूनच शिकली. सोळा वर्षांची असताना तालमीत तिने गंमत म्हणून काठी धरली, आणि पालखी खांद्यावर घेतलेले गडी असे नाचले—माझ्या ढोलावर ते कधी तसे नाचले नव्हते. गुरव म्हणाला, "बाबल्या, तुजी सुट्टी झाली रे." सगळे हसले. मीही हसलो.

मुलीने पालखीपुढे वाजवावं का, हे कौल लावून देवीलाच विचारायचं ठरलं. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या लावतो. उजवी आधी पडली की होकार. गाभाऱ्यापाशी आम्ही चौघेच होतो—ते तिघेही आता नाहीत. उजवी पडली. लगेच पडली.

सुषमा घराच्या पायरीवर वाट बघत होती. मी म्हणालो, "डावा पडला."

आणि गावाला सांगितलं—पोर लाजते, नको म्हणते.

काळच तसा होता, असं म्हणू? पण गाव तयार होतं. देवी तयार होती. मग आडवं कोण आलं?

तिने वाद घातला नाही. देवीशी काय वाद घालणार? काठी कोनाड्यात ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. मी पुढे अकरा शिमगे वाजवले, मानाचे नारळ घेतले. लहानपणी मुक्ता डब्यांवर चमचे बडवायची, तेव्हा तिचा चुकलेला ठेका भाकरी थापता थापता कोण सुधारायचं? आईच. मी ऐकत बसायचो.

परवा पोस्टर बघून सुषमा म्हणाली, "बाबा, देवी मला नाही म्हणाली. बरं झालं, माझ्या पोरीसाठी कोणी विचारायला गेलं नाही." मी चहा ढवळत राहिलो.

शनिवारी थाप मी मारणार नाही. त्याआधी हा कागद सुषमाच्या हातात असेल. दोघींचा मला फार अभिमान आहे—आणि त्यात माझं काही नाही.

कौल उजवा पडला होता, सुषमा. डावा मी सांगितला.