थांबणारी लाल गाडी

भास्कररावांनी निवृत्तीनंतर दोन दारांची, बसकी, लाल गाडी घरी आणली तेव्हा शशिकलाबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. गाडी फाटकातून आत आली, खोकली आणि बंद पडली. शेजारच्या मिश्रा भाभी गच्चीवरून ओरडल्या, "भाभी, भिया ये खिलौना कहाँ से उठा लाए?"

"इंदूरच्या एका डॉक्टरांची आहे," भास्करराव अभिमानानं म्हणाले. "कित्येक वर्षं शेडमध्ये उभी होती. स्पोर्ट्स कार आहे, शशी."

"आणि बसायचं कुठे? ही मागे फळी लावलीय ती दप्तर ठेवायला?"

"दोघांचीच गाडी आहे ही. मागे कुणी बसायचंच नाही."

शशिकलाबाईंनी पुन्हा मेथीत डोकं घातलं. दोघांचीच म्हणे. गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं त्या या माणसाबरोबर बस आणि रेल्वे सोडून कशातही बसल्या नव्हत्या. तो गाड्यांच्या कारखान्यात गेला की घर त्यांचं, तो आला की त्याचं जेवण, झोप आणि पुन्हा पहाटेची इंदूरची बस, तिथून पीथमपूरची शिफ्टबस. देवासच्या या घरात त्यांचा संसार शिफ्टच्या हिशेबानं झाला होता. आता कुठे माणूस घरी राहील असं वाटत होतं, तर तो या लाल डब्याखाली जाऊन झोपला.

खरं तर स्कूटरचा तो दिवस नसता तर त्याही हौसेनं बसल्या असत्या.

मुलगा मयुरेश तेव्हा वर्षाचा व्हायचा होता. धारला त्यांच्या माहेरी सगळे जमले होते आणि अमझेऱ्याच्या देवीला जावळ काढायचं होतं. इतर जण जीपनं पुढे गेले, ही दोघं बाळाला घेऊन स्कूटरवर मागून निघाली. अमझेऱ्याच्या अलीकडे उतारावर स्कूटरचा ब्रेक लागला नाही. भास्कररावांनी पाय घासले, हॉर्न वाजवला आणि शेवटी सोयाबीनच्या शेतात गाडी घातली. शशिकलाबाई पोराला छातीशी धरून पाठीवर पडल्या. शेतातून एक बाई धावत आली. तिनं आधी बाळ उचललं, त्याचे हातपाय चाचपले, मग यांना उठवलं, आपल्या घरी नेऊन हळद लावली आणि गरम दूध पाजलं. "बई, छोरो राजी-खुशी है, तू रो मत," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिचं नाव मालन.

तेव्हापासून दर दसऱ्याला शशिकलाबाई मालनची ओटी भरायला जात. बसनं. भास्कररावांना सुट्टी असेल तर तेही येत, तेही बसनं. स्कूटरचं नाव घरात निघत नसे.

गाडी चालू झाल्यावर तिच्यात काय बदल करायचे यावर रोज संध्याकाळी फाटकाशी सभा भरू लागली. गॅरेजवाला धीरज येई, गाडीभोवती प्रदक्षिणा घाली आणि म्हणे, "भिया, सबसे पहले सायलेंसर बदलो. स्पोर्ट्स कार है और आवाज़ सिलाई मशीन की! मोहल्ले को पता तो चले."

"मोहल्ल्याला कळलंय," शशिकलाबाई आतून म्हणत. "काल दुपारी चालू केलीत तेव्हा मिश्रांचा नातू झोपेतून रडत उठला."

पुण्याहून मयुरेश व्हिडिओ कॉलवर असे. बाबांच्या निवृत्तीची भेट म्हणून गाडीत जे पहिलं मोठं काम होईल ते त्याच्याकडून, असं त्यानं आधीच जाहीर केलं होतं. "बाबा, टर्बो बसवू या. इंजिन मूळचं चांगलं आहे. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या तपासल्यात, आता आपली पळवा की!"

भास्करराव सगळ्यांचं ऐकून घेत आणि चष्मा पुसत. टर्बोची चित्रं मोबाइलवर बघताना त्यांचे डोळे मात्र चमकत, हे शशिकलाबाईंनी पाहिलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला ते इंजिनच्या विभागात होते. तिथे मान होता, साहेब नावानं हाक मारायचे. मग एकाएकी ब्रेकच्या तपासणीला बदली झाली आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. साहेबाशी भांडले असतील, असं शशिकलाबाईंनी गृहीत धरलं होतं. चिडल्या की त्या ऐकवतही, "तुमच्या बरोबरीचे कुठल्या कुठे गेले आणि तुम्ही बसलात कर्रकुर्र ऐकत!"

"काय ठरलं मग?" एका रविवारी मयुरेशनं विचारलं.

"टायर आणि ब्रेक," भास्करराव म्हणाले.

पलीकडून हसू आलं. "बाबा! हे काय गिफ्ट आहे? टायर-ब्रेक म्हणजे वाढदिवसाला बनियन दिल्यासारखं झालं!"

"उभी राहून राहून टायर दगड झालेत. आणि आहे त्या वेगाला जी गाडी नीट थांबत नाही, तिला आणखी पळवून काय करू? आधी थांबू दे. मग स्प्रिंगा बघू. टर्बोचं पुढच्या जन्मी."

"भिया तो सेफ्टी वाले निकले," धीरज कपाळाला हात लावून म्हणाला; पण त्यानं सामान मागवलं.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी काम पुरं झालं. नव्या टायरांना रबराचा करकरीत वास येत होता. चाकांच्या आऱ्यांतून ब्रेकच्या नव्या तबकड्या ताटासारख्या लखलखत होत्या. भास्करराव जेवताना घास हातात धरून म्हणाले, "शशी, या दसऱ्याला मालनकडे गाडीनं जाऊ या. येशील?"

शशिकलाबाईंनी भाजी वाढली. "बघू," म्हणाल्या. पण रात्री त्यांनी ओटीची पिशवी भरून दाराशी ठेवली, आणि ती बसच्या मोठ्या पिशवीऐवजी छोटीच घेतली, कारण त्या गाडीत मोठी मावली नसती. हे भास्कररावांनी पाहिलं.

खंडेनवमीला सकाळी शशिकलाबाईंनी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली. विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, मिक्सर. गाडीचीही करायची होती. भास्करराव अंघोळीला गेले होते. गाडीत नवं काय, तर ब्रेक. मग पूजा नको का त्याची? बोनेटवर कुंकू लावून त्या चाकाशी वाकल्या. मारुतीला चोला चढवताना लावतात तसा शेंदूर तेलात कालवला, कोरडा गळून पडतो म्हणून तेल जरा सढळ हातानं घातलं, आणि आऱ्यांतून बोट घालून दोन्ही पुढच्या तबकड्यांवर सुरेख स्वस्तिक काढलं. हात जोडून म्हणाल्या, "सांभाळून ने बाई."

दसऱ्याच्या सकाळी नवी साडी नेसून, मांडीवर ठेवायचा नारळ हातात घेऊन त्या फाटकाशी उभ्या राहिल्या. "थांब, एक फेरी मारून आणतो," भास्करराव म्हणाले. कुठेही जाण्याआधी गल्लीत ब्रेक दाबून बघायचा, हा त्यांचा नियम होता. घरच्या सायकललाही तो लागू होता.

गाडी गल्लीच्या टोकाला जाऊन वळली. घराशी थांबायला हवी तिथे थांबली नाही. घसटत, किंचाळत, मिश्रांच्या दारातली अख्खी रांगोळी चाकाखाली घेऊन हँडब्रेकवर उभी राहिली. पुढच्या चाकांतून जळक्या तेलाचा धूर निघाला.

भास्करराव उतरून चाकाशी बसले. शशिकलाबाई तिथवर पोचल्या तेव्हा त्यांना आऱ्यांमागे पसरलेला शेंदरी डाग दिसला, आणि सगळं एकदम कळलं. हातातला नारळ जड झाला. या माणसाच्या हाताखालच्या पोरांनी तबकडीला नुसतं उघडं बोट लावलं तरी, तेलानं ब्रेक घसरतो म्हणून, हा तास तास बोलायचा, हे त्यांनी त्याच्याच तोंडून ऐकलेलं होतं.

"किती तेल घातलंस?" भास्कररावांनी विचारलं.

"चमचाभर."

"फक्त?"

"...मोठा चमचा. मला वाटलं, नवी वस्तू आहे, तिलाच आधी लावावं."

भास्कररावांचे खांदे हलायला लागले. त्या घाबरल्या, मग कळलं की ते हसतायत. "मारुतीच्या वाटणीचंही इथेच ओतलंस की!" ते डोळे पुसत म्हणाले. "तबकडीला आवळणारे पॅड सगळं तेल प्यायले. आता बदलायलाच लागतील."

"ओरडा ना मला. इतकं मोठं काम मी नासवलं."

"कशाला ओरडू? तू बसली नव्हतीस ना आत. बास." मग हसू ओसरलं. चाकावर हात ठेवून ते म्हणाले, "त्या दिवशी अमझेऱ्याला निघण्याआधी मी ब्रेक दाबून पाहिला नव्हता. इंजिनचा माणूस मी, इंजिनचा आवाज ऐकला आणि निघालो. दुसऱ्या आठवड्यात ब्रेकला बदली मागितली."

"मागितली? तुम्ही?"

"मग काय. साहेब वेडा म्हणाला."

रांगोळीवर उभ्या असलेल्या शशिकलाबाईंना आपण इतक्या वर्षांत मारलेले सगळे टोमणे आठवले. त्यांनी पदरानं नवऱ्याच्या कपाळावरचा घाम टिपला, भर गल्लीत. वरून मिश्रा भाभी म्हणाल्या, "क्या हुआ भाभी?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "बच गए."

दसऱ्याला मालनला फोन करून त्यांनी कोजागिरीचा वायदा केला. धीरजनं चाकं उघडली आणि पोट धरून हसला, "भाभीजी, आपने तो ब्रेक को चोला ही चढ़ा दिया!" त्यानं तबकड्या धुतल्या, नवे पॅड बसवले. मयुरेशनं फोनवर सगळं ऐकून म्हटलं, "आई, बरं झालं टर्बो नाही बसवला. त्याला तू अभिषेक केला असतास."

कोजागिरीला सकाळी दोघं निघाली. गाडीत शिरताना शशिकलाबाईंना आधी बसावं की आधी पाय घालावेत ते कळेना. शेवटी बादलीत बसल्यासारख्या बसल्या. इंदूर गेलं, धार गेलं. अमझेऱ्याच्या अलीकडे तो उतार आला. रस्ता रिकामा होता. मागेही कुणी नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "थांबवून दाखवा."

"इथे?"

"इथेच. त्या निंबापाशी."

त्यांनी आरशात पाहिलं आणि ब्रेक दाबला. गाडी जमिनीला धरून, सरळ रेषेत, मुकाट्यानं निंबाच्या सावलीत उभी राहिली. मांडीवरचा नारळ जागचा हलला नाही.

"चला आता," त्या म्हणाल्या. "आणि इतकं हळू काय चालवता? मालन वाट बघत असेल."

मालन दारातच होती. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. "अरे बई, इत्ती-सी गाड़ी!" तिनं बोनेटवर हात फिरवला. ओटी भरून झाली, दूध झालं. शशिकलाबाईंनी तिच्या पायांना हात लावला आणि विचारलं, "बैठोगी?"

"मैं?"

"आप ही. दो ही जन की गाड़ी है."

आपल्या जागी मालनला बसवून त्या ओट्यावर उभ्या राहिल्या. पदर सावरून मालन ऐटीत बसली होती, भास्कररावांना बजावत होती, "पटेलन के घर के सामने रोकना, भिया. ऐन सामने. वो मुझे बैलगाड़ी वाली बोलती है."

लाल गाडी गावच्या रस्त्यानं उताराला लागली. शशिकलाबाई बघत होत्या. पटेलणीच्या दाराशी मागचे लाल दिवे लागले आणि गाडी ऐन समोर उभी राहिली. पटेलीण हातातलं सूप तसंच धरून बाहेर आली.