भुईमुगाच्या रानात शोधलेली पुंगळी

हुसेनतात्या शिकलगार यांना साठावे वर्ष लागले म्हणून बारामतीच्या मंडळींनी हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले, आणि निमगाव केतकीला मलाही चार शब्द सांगण्याचे बोलावणे आले. मला अक्षर येत नाही. मी सांगते आहे आणि आमच्या शाळेचे गुरुजी लिहून घेत आहेत. तात्यांना मी आजवर तोंडावर जे बोलत आले ते तसेच उतरवा, त्यावर साखर घालू नका, असे मी त्यांना आधीच बजावले आहे.

तात्यांची पहिली गाठ त्यांच्या बारामतीच्या दुकानात पडली. कालव्यावरचा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा आमच्या मालकांनी त्याची रायफल विकत घेतली होती. रानडुकरांपासून पीक राखायचे म्हणून परवाना काढला, सगळे रीतसर झाले. पण पुढे विलायती काडतुसे मिळेनाशी झाली. कोणीतरी सांगितले की बारामतीत शिकलगार आहेत, त्यांना सरकारी परवाना आहे, आणि उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी ते नव्याने भरून देतात. आम्ही दोघे एसटीने गेलो. मालकांनी काम सांगितले. तात्यांनी मान वर न करता एकच शब्द विचारला, "पुंगळ्या?"

"त्या रानात पडल्यात. पोरं शिट्ट्या वाजवत्यात त्यांच्या."

"मग पोरांस्नी दुसरं खेळणं घेऊन द्या. मोकळी पुंगळी बगितल्याबिगर मी भरीत न्हाय."

एवढ्या लांबून गेलेली मी, माझे डोके फिरले. मी म्हटले, "मोठं आलं बंदुकीचं वैद्य! नाडी बगितल्याबिगर औषध देत न्हाय म्हणं!"

तात्या हसले. मला बसायला स्टूल दिले आणि म्हणाले, "आक्का, वैद्याचं चुकलं तर रोगी चार दिस कण्हतो तरी. माझं चुकलं तर तेवढाबी येळ मिळत न्हाय."

त्या दिवसापासून मी त्यांची आक्का झाले.

नंतर त्यांच्या दुकानात मी कितीदा तरी बसले. तात्यांचे काम बघत बसावे असे होते. पुंगळीच्या तळाची ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढायची, पुंगळी धुवायची, नव्याने आकारात आणायची, सोनाराच्या काट्यावर दारू तोलायची. तोलताना कोणी बोलले तर ती दारू परत डब्यात ओतून ते पुन्हा पहिल्यापासून तोलत. मी मुद्दाम बोलायची. ते मुद्दाम परत तोलायचे. मी दमले, ते दमले नाहीत.

आमच्या भागात काडतुसाची पारख आवाजावर. गिऱ्हाईक म्हणणार, "तात्या, औंदा जरा जोरात भरा." तात्या म्हणणार, "आवाजानं डुक्कर मरत न्हाय, शेजारी उठतो." आमच्या मालकांना मात्र त्यांनी बसवून समजावले होते. "गोळीला वेग पायजे आसंल तर मागनं दाब पायजे. पर दाब काय नुसता गोळीलाच ढकलत न्हाय, तो चारी अंगांनी ढकलतो. फुडं गोळी हाय, मागं तुमचं तोंड हाय." म्हणून ते आधी हलका भार भरत, स्वतः दुकानामागच्या पडक्या विहिरीत उतरून फळ्यांवर उडवत, गोळी किती आत गेली ते बघत आणि मग पुंगळी उन्हात धरून तिचा तळ न्याहाळत. तळाची टोपी गोल राहिली तर चिमटीभर पुढे जायचे. टोपी चपटी व्हायला लागली की तिथून मागे फिरायचे, मग गिऱ्हाईक काहीही म्हणो. आमटीत मीठ घालणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. मालकांना मात्र वर्ष लागले.

मालक गेले. रायफल आणि परवाना माझ्या मुलाच्या, सर्जेरावाच्या नावावर झाला. त्यानंतरच्या एका साली दिवाळीच्या तोंडावर जे घडले, ते सांगण्यासाठीच मी आज गुरुजींना बसवून घेतले आहे.

त्या साली तात्यांनी भरलेल्या काडतुसांची सगळीकडे वाहवा झाली. गोळी सरळ जाई, लांब जाई, आवाज तर असा की वस्तीवरची कोंबडी खाली पडावी. सर्जाने कालव्यापलीकडचे डुक्कर लोळवले आणि गावभर सांगत सुटला, "तात्यांचा हात आता बसला!" रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा लोखंडी अडसर, तेवढा उघडताना अडायचा. सर्जा त्याला तळहाताचा दणका द्यायचा आणि म्हणायचा, धूळ बसली आसंल. मोकळ्या पुंगळ्या त्याने नेहमीप्रमाणे बाजाराला जाणाऱ्या माणसाबरोबर बारामतीला धाडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या एसटीतून उतरून चालत आमच्या वस्तीवर आले. पाणीही घेतले नाही.

"सर्जा, माझी काडतुसं परत दे."

सर्जा हसायला लागला. "तात्या, आजवर आसली काडतुसं भरली न्हाईत तुमी. आन् परत मागताय?"

"म्हणून तर मागतोय. दारूचा नवा डबा आला. नाव तेच, पर आतला माल जहाल. नव्या डब्याला नव्यानं खालनं सुरुवात करायची आसती. मी केली न्हाय. जुन्याच मापानं भरत गेलो. चूक माझी हाय."

त्यांनी खिशातून पुंगळी काढली. उभी चिरून आणली होती. टोपी थापलेल्या भाकरीसारखी चपटी झाली होती. तात्यांनी माझे बोट धरून पुंगळीच्या आत तळाजवळ फिरवले. तिथे माझे नख अडकले. पितळ आतून ताणले जाऊन चर पडला होता.

"फुडल्या बारीला आसा चर उघडंल," तात्या म्हणाले. "आन् तवा ह्याचा डोळा बोल्टापासनं वीतभर लांब आसंल."

सर्जाने घरातून पिशवी आणून ओट्यावर ठेवली. तात्यांनी काडतुसे मोजली, त्यांत धाडलेल्या पुंगळ्या मिळवल्या आणि म्हणाले, "एक कमी हाय."

"उडावलं."

"पुंगळी?"

"पडली रानात."

माझा मुलगा खोटे बोलला की त्याचे कान लाल होतात. भुईमूग भरत आला होता, डुकरांचा कळप रोज बांधापर्यंत येत होता. एखादे जोराचे काडतूस हाताशी असावे, असे त्याच्या मनात होते. मी तोंड उघडणार, तोच तात्यांनी हात वर केला.

"पडली आसंल. आपण हुडकू की."

त्यांनी पायताण काढले, डोक्याला रुमाल बांधला आणि भुईमुगात शिरले. तात्यांचा एक पाय अधू, हे सर्वांना ठाऊक आहे. उकिडवे बसता येईना म्हणून ते गुडघ्यांवर चालू लागले. एकेक वेल बाजूला करायचा, माती चाचपायची, पुढे सरकायचे. ऊन असे की बांधावरचा कुत्रासुद्धा सावलीला गेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले.

"तात्या, हितं शेंगा घावतील. पितळ न्हाय घावायचं."

"ठावं हाय आक्का."

"मग ही कसरत कशापायी?"

"मी त्याला लबाड म्हटलं तर तो रागाच्या भरात ते काडतूस कवातरी उडवंल. त्याला आपल्या पायांनी येऊ द्या."

सर्जा बाभळीखाली दोर वळत बसला होता. दोर वळला, उलगडला, परत वळला. शेवटी ओरडला, "तात्या, उठा आता, ऊन लागंल!"

"घावल्याबिगर कसा उठू? रायफल तुझ्या हातात हाय, पर दारू माझ्या हातची हाय."

एक ओळ संपली. तात्या वळून दुसऱ्या ओळीला लागले. माझा नवरा गेलेला, हा एकच मुलगा, आणि त्याचा डोळा राहणार की जाणार हे एका अधू माणसाच्या गुडघ्यांवर अवलंबून होते. सावल्या लांब व्हायला लागल्या, तेव्हा सर्जा उठला. सरीत तात्यांच्या समोर जाऊन बसला, धोतराच्या कनवटीतून काडतूस काढले आणि त्यांच्या मातीने भरलेल्या हातावर ठेवले. मान काही वर केली नाही.

तात्या म्हणाले, "घावलं बघ."

सर्जाच्या त्या लपवालपवीवर ते आजतागायत याहून अधिक एक अक्षर बोललेले नाहीत.

मग ते गावोगाव हिंडले. जिथे जिथे ती काडतुसे गेली होती तिथून परत आणली. बारामतीच्या बाजारात दुकानापुढे उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले, माझ्या हातून चूक झाली, काडतुसे परत आणा. लोक चेष्टा करत, तात्यांचा हात गेला म्हणत. काही गिऱ्हाइके तुटली. ज्या कामाची वाहवा होते आहे, ते चुकीचे आहे असे स्वतःच्या तोंडाने सांगायला काय लागते, ते ज्याने त्याने आपल्याशी ताडून पाहावे. मी पाहिले. मला ते जमले नसते. मी गप्प बसून वाहवा घेतली असती.

नवी काडतुसे हलकी आली. सर्जा कुरकुरला. गोळी आता थोडी खाली पडायची, म्हणून तात्या स्वतः येऊन बांधावर फळ्या लावून त्याचा नेम नव्याने बसवून गेले. तोवर डुकरांनी भुईमुगाची एक बाजू फस्त केली होती. मी त्यावरून तात्यांना टोचले, तेव्हा ते म्हणाले, "आक्का, भुईमूग फुडल्या साली परत येतो."

दर ईदेला तात्या एसटीने डबाभर शिरखुर्मा घेऊन येतात. निम्मा वाटेत सांडलेला असतो. काटेकोर माणसाला डब्याचे झाकण नीट लावता येत नाही, हे या ग्रंथात कोणी लिहिणार नाही, म्हणून मी सांगून ठेवते.

तात्या, देव आणि तुमचा अल्ला दोघे मिळून तुम्हाला भरपूर आयुष्य देवोत. पाय दुखू नये, हात कापू नये, आणि काट्यावर दारू तोलताना बडबड करायला तुमची आक्काही समोर असावी. सत्काराच्या दिवशी हार सर्जेराव घालणार आहे, त्याने तसे समितीला सांगून ठेवले आहे. मान जरा खाली घ्या. तो उंचीला कमी आहे. पण दोन्ही डोळ्यांनी त्याला चांगले दिसते, हार बरोबर गळ्यातच पडेल.