बाळूला चावी द्यायची का

लोकांच्या घरात काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. दिवसभर फरशी कापली की अंगावर धूळ बसतेच, तसंच ते. मी आणि माझा थोरला भाऊ फरशी बसवायचो, आमचा दोस्त बाळू प्लंबिंग करायचा. सातारा-सांगलीत आम्ही तिघांनी किती बाथरूम केली, कधी मोजलं नाही.

दादा दोन महिन्यांपूर्वी गेला. रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गाडी घातली येड्यानं. आमच्या घरच्या बाथरूममध्ये त्याच्या हातच्या फरशीच्या चार ओळी बसल्यात, पुढं नुसता कोबा. तिथं माझा हात चालेना. आई परसात दगडावर आंघोळ करायची. बाळू पाठीच लागला होता, "चावी दे आन तू घरातनं निघ. मी पुरं करून घेतो." आणि मी देत नव्हतो. कारण कामगाराच्या हातात घर सोडून गेलं की काय होतं, ते मला माहीत आहे. मी त्यांच्यातलाच.

रहिमतपूरला एक रिटायर सुभेदार होते. पॅसेजमध्ये खुर्ची टाकून पहारा द्यायचे. "मी असेपर्यंत एक टाइल वाकडी बसणार नाही," म्हणाले. जेवण झालं आणि खुर्चीतच घोरायला लागले. दादानं मला गप राहायची खूण केली आणि खुर्चीच्या चारी बाजूंनी फरशी बसवून टाकली. चारला साहेब जागे झाले.

"सकाळपर्यंत पाय ठेवू नका साहेब, ओलं हाय," दादा म्हणाला.

"आन जेवान?"

"पोस्टवर पोचवतो."

शेवटी फळी टाकून त्यांना बाहेर काढलं. फळीवरनंसुद्धा कदमताल करत आले.

विट्याचे एक मालक तिकडं दक्षिणेत, सोनं गाळायच्या दुकानावर. इथं घरात कॅमेरा. मोबाइलवर बघायचे आणि कॅमेऱ्यातूनच बोलायचे. "चहाला वीस मिनिटं लागतात व्हय?" दादानं कप कॅमेऱ्यापुढं धरला. "घ्या मालक, अर्धा."

तिसऱ्या दिवशी मालकांच्या आईनं आम्हाला हाक मारली. वाटलं, आता शिव्या. म्हातारी हळूच म्हणाली, "त्यो डबा भिंतीकडं फिरवा रं. मला दुपारचं पडाया येत न्हाई. जरा आडवी झाले की इचारतोय, आई, बरं न्हाई का?"

सांगलीच्या एक मॅडम मात्र भल्या. पूर्ण विश्वास. चावी हातात देऊन चार दिवस पुण्याला गेल्या. बाळूनं त्यांच्या विश्वासाला जागून रात्रंदिवस काम केलं आणि गिझरची लाइन फ्लशच्या टाकीला जोडली. मॅडमचा फोन आला, "काम सुंदर झालंय. फक्त कमोडमधून वाफ येतेय."

फोन दादानं घेतला होता. अजिबात गडबडला नाही. "मॅडम, थंडीत आमची आठवण काढाल."

अशा बाळूला गेल्या आठवड्यात मी चावी दिली. आईचे पाय परसात घसरायला लागले होते, दुसरा इलाज नव्हता.

चावी दिली, पण घरातनं हललो नाही. बाळू मिरजेचा एक मिस्त्री घेऊन आला. मिस्त्रीनं दादाच्या ओळींवर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी आतल्या जाळीकडं जायचं सोडून दाराकडं आलं. उतार उलटा. सणाच्या घाईत बसवल्या होत्या दादानं.

"कुठल्या गाढवानं बसवली ही?" मिस्त्री म्हणाला. "सगळी उचकटाय लागंल."

मी रबरी हातोडा उचलला. फरशीसाठी नाही, मिस्त्रीसाठी. बाळूनं हात धरला, हातोडा काढून घेतला आणि मला ढकलत अंगणात आणलं. "काकीला घेऊन औंधाला जा. यमाईचं दर्शन घ्या, भेळ खा. सांजच्या आधी आलास तर तंगडं मोडीन."

"ओळी उचकटशील तू."

"जा म्हटलं ना गड्या."

गेलो. देवीपुढं काय मागितलं ते सांगत नाही, पण त्यात मिस्त्रीचं नाव होतं.

सांजच्याला परत आलो तर बाथरूम धुऊन तयार. दादाच्या चार ओळी जागच्या जागी. पुढच्या सगळ्या ओळी नव्या, त्यांना चिकटून, त्याच उताराच्या. आतलं जाळीचं भोक बुजवलेलं. मिस्त्री गुडघ्यावर बसून दाराजवळच्या फटी पुसत होता, माझ्याकडं बघत नव्हता. बाळूनं बादली उपडी केली. सगळं पाणी सरळ दाराकडं धावलं आणि उंबऱ्याजवळच्या नव्या जाळीत गेलं. थेंब राहिला नाही.

आई बघत राहिली. "जाळी दारात का रं बाळू?"

बाळू म्हणाला, "उतार तिकडं हाय काकी."