बाय, तुमचो डबो

"ही घांटी हांगा कित्याक येता गो?"

मैत्रिणीनं नाक दाबलं. गोव्यातल्या डिचोलीचं बस स्टँड, कॉलेजला जायची वेळ. घांटी म्हणजे घाटावरून पोटासाठी आलेले. साडीवर बापाचा जुना शर्ट, पायांवर सिमेंटचे शिंतोडे, हातात डबा. ती घांटी माझी आई होती.

मी डबा घरी विसरले होते. मुकादमाच्या हातापाया पडून, बांधकाम सोडून ती धावत आली होती.

मैत्रीण जवळच्याच लाटंबार्से गावची. मोठं घर, काजूची बाग. चतुर्थीला तिच्याकडे जेवायला गेले, तेव्हा तिच्या आईनं विचारलेलं, "तुमी खंयचीं?" मी म्हटलं, इथलीच. जन्म डिचोलीचाच, खोटं काय त्यात? पण आईबापाच्या गावाचं, चंदगडचं नाव गिळलं ते गिळलंच.

"तूं वळखता तिका?" मैत्रिणीनं विचारलं.

"आमगेर कामाक येता," मी म्हटलं.

आई चार हातांवर होती. मला वाटलं, तिला कळणार नाही. अगं भवाने, वीस वर्षं ती इथं शिव्या कोकणीतच खातेय! ती थबकली. मग मान खाली घालून डबा पुढं केला आणि म्हणाली, "बाय, तुमचो डबो."

मालकाच्या लेकीला म्हणतात तसं. पोटच्या पोरीला 'तुमचो'!

ती वळली. तेव्हाही हाक मारता आली असती. नाही मारली. बस आली, मी चढले.

त्याच आठवड्यात समाजशास्त्राच्या तासाला अमेरिकेतले अल्पसंख्याक होते. सर सांगत होते, उजळ रंगाचे काही काळे लोक गोरे म्हणवून जगायचे. नोकरी मिळायची, मान मिळायचा. बदल्यात आपली माणसं टाकायची. रस्त्यात आई दिसली तरी तोंड फिरवायचं.

वर्ग हळहळला. मैत्रीण कुजबुजली, "कितले वायट गो ते गोरे!" तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

माझं डोकंच फिरलं. उभी राहिले.

"सर, अमेरिका कशाला? परवा बस स्टँडवर डबा घेऊन आलेली बाई माझी आई आहे. मी तिला मोलकरीण म्हटलं. आम्ही घांटी."

मैत्रिणीनं वही उचलून बाक बदललं. सर म्हणाले, "विषय वैयक्तिक करू नकोस."

वैयक्तिक म्हणे!

घरी आईचे पाय धरले. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "जाऊ दे गं. तुझं चांगलं व्हतंय तर मी कामवाली बी हाय."

चार थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

येत्या शनिवारी पालकसभा आहे. आई यायला तयार नाही. "नगं, तुला तरास हुईल," म्हणते. इतकी वर्षं हेच ऐकून मी गप्प बसले. माफी मला नको आहे, ती मागायचा हक्कही मी घालवलाय. आई आली तर पुढच्या खुर्चीवर बसवीन. नाही आली तर एकटी उभी राहीन आणि तिचं नाव, तिचं गाव, तिचं काम सांगेन. कोकणीत. मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात.