तीनशे यार्डांवरचा मांडव

ज्या दुर्बिणीतून प्राणी सोडून बाकी सगळं दिसतं, अशी दुर्बीण मी स्वतः पारखून, पसंत करून विकत आणली आहे. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. आधी त्या प्राण्यावर, मग मेहुण्यावर, आणि घरात कोणी नसेल तर स्वतःवर.

प्राणी म्हणजे ग्राउंडहॉग. आपल्याकडच्या घुशीला रोज तूप-भात घातला तर ती जशी होईल, तसा. आम्ही ओहायोत डब्लिनला राहतो. तिथून अर्ध्या तासावर अर्ल नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं सोयाबीनचं शेत आहे. त्यातला बांधाकडेचा एक तुकडा त्याने माझ्या बायकोला, मंजिरीला, भाजी लावायला दिला आहे. मंजिरी अलिबागकडची. ती कित्येक वर्षं तिथे वालपापडी लावते आणि कित्येक वर्षं वालपापडी तिला फसवते. वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, आणि ओहायोत दिवस लहान झाले की लगेच हिव पडतं. वेल फुलावर येतो आणि एका सकाळी काळाठिक्कर पडलेला दिसतो. यंदा तिने कुठूनसं लवकर फुलणारं बी मिळवलं, रोपं घरात वाढवली (लाँड्रीच्या खोलीत, दिव्याखाली, माझे कपडे गराजमध्ये गेले) आणि सप्टेंबरात मांडवावरून खरोखरच्या शेंगा लटकायला लागल्या. ती रोज त्यांचे फोटो आईला पाठवायची. आमच्या लग्नाचे फोटोही तिने एवढे पाठवले नव्हते.

आणि मग हा हरामखोर आला. गवार संपवली. काकडीचा वाफा संपवला. एकही काकडी धड खायची नाही, प्रत्येकीचा एकेक घास घ्यायचा, हे कसलं वळण! वालाच्या आणि त्यामागच्या दोडक्याच्या बुंध्याला जाळी होती आणि शेंगा-दोडके उंचावर, म्हणून तेवढे वाचले. तो मांडवाखाली दोन पायांवर उभा राहून वर बघत बसायचा.

"शूट हिम," अर्ल म्हणाला. त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे रायफल त्याची आणि नेम माझा असं ठरलं. मी शिकारीचा कोर्स केला, परीक्षा दिली, परवाना काढला. घरी मी धर्मसंकटात पडलो.

"गणपती तोंडावर आलेत," मी म्हणालो. "हा म्हटलं तर उंदराच्याच जातीचा."

मंजिरीने क्षणभर विचार केला. "उंदीर एवढा खात नाही. मारा."

अर्लच्या रायफलची जुनी दुर्बीण आतून धुरकट झाली होती, म्हणून नवी घ्यायला आम्ही दुकानात गेलो. तिथे कळलं की दुर्बिणीच्या आत नेम धरायची जी खूण दिसते, तिला रेटिकल म्हणतात आणि तिचे प्रकार लग्नाच्या शालूंपेक्षा जास्त असतात. शेवटी काउंटरवर दोन उरल्या. एकीत नुसतं अधिकचं चिन्ह. दुसरीत त्या चिन्हाखाली झाडासारखे पसरत गेलेले ठिपके, रेघा आणि आकडे. गोळी लांब जाताना खाली पडते, म्हणून अंतर जास्त असेल तर मधल्या फुलीऐवजी खालचा एखादा ठिपका प्राण्यावर धरायचा, अशी ती सोय.

मंजिरीने दुसऱ्या दुर्बिणीला डोळा लावला. "यात ग्राउंडहॉग कुठे बसणार? सगळ्या जागा भरल्यात."

इथे मी मंदारला व्हिडिओ कॉल केला. मंदार तिचा धाकटा भाऊ, हर्नडनला आयटीत असतो. त्याने आयुष्यात पिचकारीसुद्धा धरलेली नाही, पण बंदुकांवरचे इंटरनेट फोरम सगळे वाचलेत.

"जिजाजी, साधी घेऊ नका यार. फ्युचर-प्रूफ घ्या. उद्या सहाशे यार्डांवर मारायचं झालं तर?"

"सहाशे यार्डांवर अर्लचं शेत संपतं रे. पलीकडे चर्च आहे."

"तरी फीचर असलेलं बरं ना."

आणि मी, नागपुरातून इंजिनियर झालेला, इतकी वर्षं लोकांना 'गरज नसलेलं फीचर मागू नका' म्हणून सांगणारा माणूस, ठिपकेवाली घेऊन आलो. साधी घेतली असती तर दुकानातून निघताना काहीतरी राहिलं असं वाटलं असतं. आपल्याला सगळं असलेलीच वस्तू लागते, वापरणार एकच बटण असलं तरी!

नेमबाजीच्या रेंजवर जाऊन मी पूर्ण झूम लावून शंभर यार्डांवर नेम जुळवला. फोनमधल्या ॲपने सांगितलं, तीनशे यार्डांना तिसरा ठिपका. कागदाला नीट भोकं पडली. मला वाटलं, जमलं.

शनिवारी सकाळी मी अर्लच्या शेतात पोतं पसरून पालथा पडलो. समोर बरोबर तीनशे यार्डांवर मांडव, मागे मातीचा उंच ढिगारा, त्यामुळे गोळी कुठे जायची भीती नाही. शेजारी मंजिरी पक्षी बघायची दुर्बीण घेऊन, मागे अर्ल. फोनच्या स्पीकरवर मंदार, कारण त्याच्या मते हा 'क्रिटिकल रिलीज' होता.

तो आला. मांडवाखाली उभा राहिला. वर बघायला लागला.

"दिसला?" मंजिरीने विचारलं.

"थांब."

पूर्ण झूमला मला नुसतं तपकिरी काहीतरी दिसत होतं, तेही माझ्या प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली होणारं. एकदा कान दिसला. एकदा शेपूट दिसली, तिच्यावर एक आकडा होता. बाकी सगळे ठिपकेच ठिपके! माझ्या कपाळाची शीर उडायला लागली.

"सापडत नाहीये का?" मंदार म्हणाला. "झूम कमी करा ना, सिम्पल आहे."

मी झूम कमी केला. आणि काय सांगू, अख्खा ग्राउंडहॉग दिसला, मिशांसकट. मी तिसरा ठिपका त्याच्या छातीवर धरला, श्वास रोखला आणि चाप ओढला.

मांडवाचा मधला आडवा बांबू मधोमध फुटला. क्षणभर काहीच झालं नाही. मग सगळा मांडव, वेलासकट, शेंगांसकट, सावकाश खाली बसला. ग्राउंडहॉग बिळात गेला.

"तीनशे यार्डांवर बांबू," अर्ल मागून म्हणाला. "आय नेव्हर सॉ अ शॉट लाइक दॅट." तो मनापासून बोलत होता. मला त्याचाही राग आला.

मग फोनमधून मंदार म्हणाला, "जिजाजी, तुमचा स्कोप सेकंड फोकल प्लेनचा आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे झूम कमी केला की बाहेरचं चित्र लहान होतं, पण ठिपके तेवढेच राहतात. मग हिशेब फक्त फुल झूमलाच बरोबर येतो. तुमची गोळी अडीच-तीन फूट वर गेली असणार. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं."

"झूम कमी करायला तूच सांगितलंस."

"मी सजेस्ट केलं. डिप्लॉय तुम्ही केलंत."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे सोयाबीनमध्ये भिरकावला.

मंजिरी उठून गाडीकडे चालायला लागली. शेंगा तोडून आणायला पिशव्या गाडीत होत्या, गाडी रस्त्यावर होती. पिशव्या घेऊन आम्ही परतलो तोवर तो पुन्हा बाहेर आला होता. इतके दिवस मान वर करून करून थकलेल्या त्या प्राण्यासमोर आम्ही पंगत मांडली होती. तो बसला आणि खायला लागला, मंजिरीच्या कित्येक वर्षांच्या शेंगा, एकामागून एक.

माझं रक्त उसळलं. पुन्हा पोत्यावर पडलो, पूर्ण झूम लावला. या वेळी चित्र वरखाली होत नव्हतं, कारण रागाने मी दगड झालो होतो. तिसरा ठिपका त्याच्या छातीवर, अगदी स्पष्ट, अगदी बरोबर. बोट चापावर गेलं.

मंजिरीने रायफलच्या नळीवर हात ठेवला.

"असू दे," ती म्हणाली.

मला भरून आलं. एवढं नुकसान होऊन या बाईच्या मनात दया आहे, आणि मी असा रागाने पेटलेला. "तुला त्याची कीव आली?" मी हळूच विचारलं.

"त्याची कसली कीव," मंजिरी म्हणाली. "त्याच्या मागे माझ्या दोडक्याचा मांडव अजून उभा आहे."